गळा आणि गाणे

मैफल संपून श्रोते पायऱ्या उतरू लागले, की कानावर येणारा पहिला अभिप्राय बहुधा गळ्याविषयीचा असतो. एकाविषयी ‘काय गळा आहे!’ असे म्हटले जाते, तर दुसऱ्याविषयी ‘विद्या पुष्कळ, पण गळा नाही’ असे. ही दोन वाक्ये रसिकांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्यांच्या पोटात काही गृहीत धरलेले आहे याची जाणीवही बोलणाऱ्याला उरलेली नाही. गळा ही दैवाची देणगी आणि विद्या ही कष्टाची कमाई. गळा हा गाण्याचा प्राण आणि विद्या हा त्याचा अलंकार. पहिले ज्याला लाभले तो कलावंत आणि केवळ दुसरे ज्याला साधले तो पंडित, असे ते गृहीत आहे. ते दिसायला निरुपद्रवी आहे, परंतु गेल्या शतकभरात भारतीय कंठसंगीताविषयीच्या विचाराचे त्याने जेवढे नुकसान केले, तेवढे संगीताच्या उघड शत्रूंनाही करता आले नसेल. मोठ्या गायकाला मोठा गळा लागतोच काय, हा प्रश्न म्हणूनच एकदा भिडस्तपणा सोडून तपासला पाहिजे.

प्रश्नाची मर्यादा प्रथम स्पष्ट करावी. बीन, सतार वा सरोद वाजविणाऱ्याला गळा नसला तरी त्याच्या संगीतकारपणाला बाध येत नाही, हे सर्वांना मान्य आहे. अन्नपूर्णादेवींनी 1950 नंतरच्या काही वर्षांत जाहीर मैफली सोडल्या आणि पुढचे दीर्घ आयुष्य मुंबईच्या आपल्या घरात शिष्यांना तालीम देण्यात घालविले. निखिल बॅनर्जी यांना सतार आणि हरिप्रसाद चौरसिया यांना बासरी त्यांनी शिकविली, ती पुष्कळशी स्वतः गाऊन. त्या गळ्याला कोणी मैफलीचा गळा म्हटले नाही. तरीही त्यातून निघालेली स्वरवाक्ये दोन निरनिराळ्या वाद्यांवर उतरली आणि देशभर पोहोचली. वाद्याच्या बाबतीत सहज पटणारी ही गोष्ट गायनाच्या बाबतीत मात्र नाकारली जाते. तेथे गळा हेच वाद्य असल्याने वाद्य उत्तम असल्याखेरीज वादन उत्तम कसे होणार, असा युक्तिवाद केला जातो. वादाचे खरे ठिकाण हे आहे.

हा युक्तिवाद करणारे शास्त्राचा आधार घेतात, आणि तो दुबळा नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘शारीर’ नावाची एक संकल्पना मांडली आहे. अभ्यासावाचूनही राग प्रकट करण्याची ध्वनीची जी शक्ती ती शारीर. आणि शरीराबरोबरच जन्मते म्हणून तिचे हे नाव. गळा जन्मजात असतो याला याहून स्पष्ट पुरावा तो कोणता, असे विचारले जाते. परंतु हा आधार देणारे व्याख्येचा उत्तरार्धच तेवढा वाचतात. शार्ङ्गदेवाने शारीराची कसोटी म्हणून गोडवा सांगितलेला नाही, राग प्रकट होणे ही कसोटी सांगितली आहे. एखादा ध्वनी कानाला कितीही मधुर वाटला, पण त्यातून राग उभा राहिला नाही, तर या व्याख्येप्रमाणे तो शारीराला उणाच ठरतो. शिवाय उत्तम शारीर कशाने लाभते हे सांगताना त्याने दान, तप, शिवभक्ती आणि भाग्य यांच्या पंक्तीला विद्येलाही बसविले आहे. जन्माबरोबर येणारी गोष्ट विद्येनेही लाभू शकते असे ज्या ग्रंथकाराला वाटले, त्याला निव्वळ दैववादी ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्याही कितीतरी आधीच्या नाट्यशास्त्रात कंठाचे सहा गुण दिले आहेत : श्रावक, घन, स्निग्ध, मधुर, अवधानवान आणि त्रिस्थानशोभी. म्हणजे माधुर्य हा सहांतला एक गुण आहे. दूरवर ऐकू जाणे, भरीव असणे, रूक्ष नसणे, सावध असणे आणि तिन्ही सप्तकांत शोभणे हे उरलेले पाच. आजच्या बोलण्यात ‘गळा’ म्हणजे केवळ चौथा गुण. प्राचीनांनी सहा खांबांवर उभारलेले घर एका खांबावर तोलून धरण्याचा हा उद्योग आहे.

शास्त्रवचनांपेक्षा इतिहासाची साक्ष अधिक मोलाची असते, आणि ती इतकी नि:संदिग्ध आहे की तिच्याकडे दुर्लक्ष कसे झाले याचेच नवल वाटावे. विसाव्या शतकातील भारतीय कंठसंगीतात ज्यांच्या गळ्याविषयी दुमत नाही अशी तीन नावे घ्यावीत : केसरबाई केरकर, बालगंधर्व आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पहिले नाव ख्यालाचे, दुसरे रंगभूमीचे, तिसरे कर्नाटक संगीताचे. या तिघांनी विद्या कोणाकडून घेतली?

केसरबाईंनी अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे थोडी थोडी तालीम घेतली होती. पण त्यांचे गाणे घडले ते 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांच्या हाताखाली. अल्लादिया खाँ (1855–1946) यांचा तरुणपणीचा आवाज अतिशय समृद्ध होता, आणि तो त्यांनी गमावला. आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात दिवसेंदिवस अतोनात गावे लागल्याने आवाज बसला. बऱ्याच काळाने तो परतला, पण पूर्वीचा राहिला नाही. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावलेल्या खाँसाहेबांनी जी गायकी सिद्ध केली, ती या दुसऱ्या, उतरलेल्या आवाजातली. केसरबाईंचा तो पल्लेदार, ठाशीव आकार, ज्याच्या बळावर त्या ध्वनिक्षेपकाची पर्वा न करता सभागृह भरून टाकीत, तो गळा त्यांचा होता. परंतु त्या आकारातून जी रागाची इमारत उभी राहत असे, तिचा आराखडा आवाज गमावलेल्या माणसाच्या मस्तकातून आला होता. केसरबाईंची एक भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. खाँसाहेबांनी मात्र आपला आवाज कधीही ध्वनिमुद्रित होऊ दिला नाही. आज जगात कोणालाही तो ऐकता येत नाही. तरीही त्यांची गायकी आज गायिली जाते, ओळखली जाते आणि तिच्याविषयी वादही घातले जातात. गळा हाच गाण्याचा प्राण असता, तर हे गाणे 1946 मध्येच संपले असते.

बालगंधर्वांच्या गळ्याविषयी महाराष्ट्राला काही सांगण्याची गरज नाही. ‘स्वयंवर’ हे नाटक 1916 साली रंगभूमीवर आले आणि ख्यालाचे, ठुमरीचे राग सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर खेळू लागले. त्या पदांच्या चाली भास्करबुवा बखले (1869–1922) यांच्या. तेच बालगंधर्वांचे गुरू. भास्करबुवा स्वतः पोरवयात किर्लोस्कर मंडळीत गोड गळ्याचा बालनट म्हणून होते. वयात येताना आवाज फुटला आणि त्याबरोबर रंगभूमीवरचे स्थानही गेले. गळा हीच भांडवलाची एकमेव थैली असती, तर त्यांची कथा तेथेच संपायची. त्यांनी बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि अखेरीस अल्लादिया खाँ अशा तीन उंबऱ्यांवर वर्षानुवर्षे सेवा केली. तीन घराण्यांची विद्या पचविली आणि फुटलेल्या आवाजातून नवा आवाज घडविला. नाटक मंडळीत जो गळा कवडीमोल ठरला, त्याच गळ्याने रंगभूमीला तिचा सर्वांत मोठा गायक तयार करून दिला.

दक्षिणेतही हीच कथा निराळ्या वेषात भेटते. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (1908–2003) यांचा आवाज सानुनासिक आणि घोगरा होता. गाण्याचा नाद सोडून एखादे वाद्य हाती धरावे, असा सल्ला त्यांना उमेदवारीच्या काळात मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. त्या अडेलतट्टू आवाजाशी वर्षानुवर्षे झुंज घेत त्यांनी त्याला रागालापाचे आणि स्वरप्रस्ताराचे साधन केले, आणि 1947 साली, ऐन तारुण्यात, ‘संगीत कलानिधी’ या पदवीचे मानकरी झाले. सुब्बुलक्ष्मींसारखी, देशाने सरस्वतीचा आवाज म्हणून डोक्यावर घेतलेली गायिका कृती शिकण्यासाठी या घोगऱ्या गळ्यासमोर बसली. तिला तेथे गळा घ्यायचा नव्हता, तो तिच्याजवळ होताच. जे घ्यायचे होते, ते गळ्याच्या पलीकडचे होते.

तीन प्रांत, तीन परंपरा आणि तिन्ही ठिकाणी एकच नाते : थोर गळा शिष्याचा आणि जखमी गळा गुरूचा. हा योगायोग मानायचा असेल तर मानावा, परंतु तो मानल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. या तीन जोड्यांमध्ये मोठा संगीतकार कोण? शिष्य मोठे नव्हते, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. पण गळ्याच्या निकषावर गुरूंना लहान ठरविण्याची छाती कोणाची आहे? ती कोणाची नसेल, तर निकषच चुकला आहे हे कबूल केले पाहिजे.

आग्रा घराण्याचा इतिहास तर या निकषाची खिल्लीच उडवितो. या घराण्यात ख्यालगायकी आणणारे खुदाबक्ष हे ‘घग्गे’ या नावाने ओळखले जात. घग्गे म्हणजे घोगरा. धृपदियांच्या कुळात जन्मलेल्या या मुलाचा आवाज गाण्याला नालायक ठरला होता. तो ग्वाल्हेरला नत्थन पीरबक्षांकडे गेला, तेथे वर्षानुवर्षे आवाजावर मेहनत घेतली आणि ख्याल घेऊन आग्र्याला परतला. त्याचे टोपणनाव अखेरपर्यंत तसेच राहिले. जगाने त्याच्या दोषाचे नाव ठेवले आणि त्याच्या वंशाने ते मानाने वागविले. खुदाबक्षांचे पुत्र गुलाम अब्बास खाँ यांनी आपल्या नातवाला तालीम दिली. तो नातू म्हणजे ‘आफताब-ए-मौसिकी’ फैयाज खाँ. ज्या भरदार, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजापुढे बडोद्याचा दरबार आणि अवघा देश नमला, त्याच्या मुळाशी एका घोगऱ्या पोराची जिद्द आहे.

वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात घराण्याच्या घडणीमागे मूळ गवयाच्या आवाजधर्माचा मोठा वाटा असतो, असा विचार मांडला. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला. या विवेचनाचा आधार घेऊन गळावादी म्हणतील, की आवाजच निर्णायक असतो हे वामनरावांनीही मानले. परंतु या विचारातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. आवाजाच्या धर्मातून घराणे निघते याचा अर्थ असा, की संगीताला एकाच आदर्श आवाजाची गरज नाही. बारीक आणि धारदार आवाजातून एक गायकी निघते, जाड आणि खडबडीत आवाजातून दुसरी. आवाज काय करू शकत नाही हे ओळखून, तो जे करू शकतो ते कळसाला नेणे, यालाच घराणे म्हणतात. ‘चांगल्या गळ्याचा’ एकच साचा मानला, तर घराण्यांची कल्पनाच कोसळते.

येथवर आलेला विचार एका निसरड्या उतारावर उभा आहे, आणि पुष्कळ लेखक त्यावरून घसरलेले आहेत. गळा गेला म्हणून कला आली, व्याधी झाली म्हणून प्रतिभा फुलली, अशा कथा सांगण्याचा मोह मोठा असतो. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज बसला म्हणून जयपूर गायकी जन्मली, हे अर्धेही सत्य नाही. त्या काळात अतिरेकी गाण्याने आवाज गमावलेले इतरही गवई असतीलच. ते विस्मरणात गेले. खाँसाहेबांच्या कानात त्यांच्या घराची धृपदपरंपरा होती आणि जयपूरच्या मुबारक अली खाँच्या पेचदार तानांची मोहिनी होती. आवाज बसला तेव्हा हे भांडार शाबूत होते, म्हणून पुढचे सारे घडले. कुमार गंधर्वांचे उदाहरण असेच विपर्यस्त केले जाते. क्षयरोगाने ते 1948 पासून काही वर्षे देवासला अंथरुणाला खिळले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले, आणि 1952 नंतर ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात लहान लहान, ठिणगीसारख्या स्वराकृती आल्या. ही किमया फुप्फुसाची, असे सांगून मोकळे होणारे समीक्षक एक साधी गोष्ट विसरतात. त्या काळी क्षयाने लाखो माणसे आजारी पडली, पण कुमार गंधर्व एकच झाले. खाटेवर पडून माळव्याची लोकगीते ऐकणारा आणि त्यांतील धुनांमध्ये रागांचे बीज शोधणारा कान तेथे नसता, तर उरला असता तो केवळ दमछाक होणारा एक माजी गवई. दुखणे कला देत नाही. ते फक्त गळा आणि कला या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे उघडे करून दाखविते.

याच न्यायाने दुसऱ्या एका गटाचाही समाचार घेतला पाहिजे. गळा गौण आहे असे म्हणताच आनंदित होणारी एक जमात संगीतात आहे. अप्रचलित राग, अनवट बंदिशी, तालांचे गणित आणि ग्रंथांतील प्रमाणे यांच्या आडोशाने बेसूर गाणे खपविणे हा तिचा व्यवसाय. श्रोत्याने कान झाकले की ‘हे सामान्यांसाठी नाही’ असे म्हणायला ती मोकळी. अशांनी खुदाबक्षांचा वा सेम्मंगुडींचा दाखला देण्याचा अधिकार नाही. त्या थोरांचे आवाज खडबडीत असतील, पण त्यांचा सूर खडबडीत नव्हता. आवाज आणि सूर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आवाज हा शरीराचा गुण, सूर हा कानाचा. आवाजाचा पोत दैवाने दिला असे म्हणता येईल, परंतु षड्ज नेमका कोठे आहे, गंधार किती उतरला म्हणजे तोडीचा होतो, दरबारीचा धैवत किती आंदोलित करावा, हे ज्याचे त्याला ऐकून शिकावे लागते. या ठिकाणी सवलत नाही. गोड गळा नसलेला मोठा गायक असू शकतो. सूर नसलेला मोठा गायक असू शकत नाही. ‘गळा नाही’ या एकाच शब्दप्रयोगात या दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात, आणि त्याचा फायदा एकीकडे बेसूर पंडितांना, तर दुसरीकडे विद्याशून्य गोडबोल्यांना मिळतो.

गोड गळ्याची ही सक्ती आली कोठून? ती सनातन नाही. तिला तारीख लावता येते. रंगभूमीवर पाचपाच तास नाटके चालत आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या पदातच जिंकावे लागे, तेव्हा गळा हे प्रवेशपत्र झाले. त्याच सुमारास, 1902 साली, कलकत्त्यात गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि तबकडीचे युग सुरू झाले. तीन मिनिटांच्या तबकडीवर रागाचा विस्तार मावत नसे. मावे तो आवाजाचा पोत. ऐकणाऱ्याने तबकडी विकत घ्यायची, तर ती पहिल्या आलापीला आवडली पाहिजे. पुढे ध्वनिक्षेपक आला, आकाशवाणी आली, बोलपट आले. त्यांतील प्रत्येकाने संगीताचे भले केले हे नाकारण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकामुळे तर कोवळे, लहान आवाजही मैफलीत उभे राहू शकले. परंतु या सर्वांनी मिळून श्रोत्याच्या कानाला एक सवय लावली : आधी आवाज ऐकायचा, मग जमल्यास गाणे. 1990 नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवर गायनस्पर्धा सुरू झाल्या आणि या सवयीला निकालपत्राचे स्वरूप आले. काही मिनिटांच्या गाण्यावर गुण द्यायचे म्हटल्यावर परीक्षकाच्या हाती गळ्यावाचून दुसरे काय लागणार? जे तोलता येते तेच मौल्यवान, असा नियम मग आपोआप ठरून जातो.

या सवयीची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनी मोजली. स्त्रीचा गोड आवाज म्हणजे उंच आणि पातळ आवाज, असे समीकरण रूढ झाले, आणि ज्या मुलींचा नैसर्गिक षड्ज खाली आहे त्यांना पट्टी वर ओढण्याची सक्ती झाली. गंगूबाई हनगल (1913–2009) यांच्या 1930 नंतरच्या काही वर्षांतील मुद्रिकांमध्ये आवाज उंच आणि टोकदार आहे. पुढे घशाच्या दुखण्यावरील उपचारानंतर तो इतका उतरला, की तो पुरुषाचा समजला जाई. रूढ निकषाने त्यांचा ‘गळा गेला’. त्यांनी नव्या आवाजाला जुन्या साच्यात कोंबण्याचा प्रयत्न केला नाही. सवाई गंधर्वांकडून कुंदगोळला घेतलेली विद्या त्यांनी त्या खोल, पुरुषी वाटणाऱ्या आवाजात मांडली आणि पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे तो आवाज हीच त्यांची ओळख ठरली. बेगम अख्तर यांच्या आवाजाला वरच्या स्वरावर जाताना मध्येच चीर पडे. आज एखाद्या विद्यार्थिनीच्या आवाजाला तशी चीर पडली तर शिक्षक ती दोष म्हणून नोंदवील. बेगमसाहेबांचे श्रोते त्या चिरेची वाट पाहत बसत.

प्रश्न केवळ थोरांच्या चरित्रांचा असता, तर त्यावर एवढे शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु दरवर्षी गावोगावच्या गायनवर्गांत मुले येतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांची वर्गवारी होते. गोड आवाजाच्या मुलाला पुढे बसवितात, स्नेहसंमेलनात गाण्याला उभे करतात आणि दोन वर्षांत त्याच्याकडून दहा भावगीते घटवून घेतात. त्याला स्वरज्ञानाची भूक लागू नये अशी सर्व व्यवस्था केली जाते. जाड्या आवाजाच्या मुलाला टाळ्या देण्याच्या कामाला लावतात, किंवा ‘तू तबला घे’ असे सांगतात. जणू तबला ही नापासांची शाखा आहे. मुलगा चौदा वर्षांचा होऊन त्याचा आवाज फुटला, की गोड गळ्याचा तोही बालगायक रस्त्यावर येतो. त्याच्याजवळ गळ्याखेरीज काही नव्हते, आणि आता गळाही नाही. भास्करबुवांना निदान पुढे तीन गुरू मिळाले. या मुलांना ‘आता गाणे सोड’ असे सांगणारे पालक मिळतात. किती खुदाबक्ष आणि किती सेम्मंगुडी या दारावरून परत गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि ठेवता येणारही नाही. हरवलेल्या संगीताच्या नोंदी नसतात.

गोड गळा हा काही गुन्हा नव्हे. अब्दुल करीम खाँ, बडे गुलाम अली खाँ यांच्या आवाजाने ज्यांना सुख दिले त्यांनी त्याबद्दल लाज बाळगावी असे कोणी म्हणणार नाही. उत्तम जमीन मिळालेल्या शेतकऱ्याचे अभिनंदन करावे. मात्र पीक जमिनीला आले, असे म्हणून त्याच्या नांगराचा, बियाण्याचा आणि घामाचा अपमान करू नये. आणि खडकाळ जमिनीत ज्याने मळा फुलविला, त्याला ‘जमीन चांगली नव्हती’ म्हणून दुसऱ्या रांगेत बसवू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही हे मान्य झाले असते. केवळ गळ्याने ते मोठे झाले, या प्रशंसेत त्यांच्या उभ्या आयुष्याच्या स्वरसाधनेचा अवमान आहे.

हा वाद आता एका अशा वळणावर आला आहे, की गळावाद्यांना आपली बाजू लवकरच सोडावी लागेल. 1997 साली उतरलेला सूर जागेवर आणून बसविणारे ‘ऑटो-ट्यून’ नावाचे तंत्र बाजारात आले. त्यानंतर ध्वनिमुद्रणात नेमका सूर ही विकत मिळणारी वस्तू झाली. आता तर संगणक माणसाचा आवाजच घडवू लागला आहे. 2024 साली ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज, त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती व त्यांना मोबदला देऊन, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा निर्माण केले. आवाजाचा पोत, त्याचा गोडवा, त्यातील थरथर, हे सारे देहावाचून, श्वासावाचून उपलब्ध होण्याचा काळ आला आहे. गळा हाच गाण्याचा प्राण मानणाऱ्यांनी या यंत्रापुढे हात जोडून उभे राहावे. त्यांच्या व्याख्येप्रमाणे सर्वांत मोठा गायक तेच होणार आहे. ते कधी बसणार नाही, फुटणार नाही, म्हातारे होणार नाही.

ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी यंत्राला काय येत नाही याचे उत्तर दिले पाहिजे. ते गळ्याच्या भाषेत देता येणार नाही. बसलेल्या आवाजाने कोल्हापुरात एखादा राग पुन:पुन्हा तपासून पाहणे, शिष्येच्या गळ्यात तो उतरेपर्यंत एक जागा दिवसचे दिवस घोटून घेणे, देवासच्या खाटेवर पडून बाहेरून जाणाऱ्या बाईच्या गाण्यात रागाचे मूळ ओळखणे, गुरूने नालायक ठरविलेल्या आवाजाकडून रोज पहाटे थोडे अधिक काम करून घेणे, या गोष्टींना गाणे म्हणतात. गळा तेथे साक्षीला असतो. गोड असला तर ठीक, नसला तर तोही तेथे शिकायला बसतो.